अंगणातील दिवे आणि हॅलोविनची रात्र



गेल्या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले. त्यांचे चिरंजीव न्यू जर्सीत स्थायिक झाले असून यंदा ऑक्टोबरअखेर त्या नातवंडांसमवेत तेथे असणार आहेत. सूनबाईंनी त्यांना फोनवर सांगितले, ‘आई, ३१ तारखेच्या हॅलोविनसाठी अंगणात भुताटकीची रोषणाई करायची आहे. दिव्यांचे रंग या वर्षी तुम्हीच ठरवा.’ भगिनी लिहितात, ‘दिवाळीची रोषणाई आयुष्यभर केली, परंतु घाबरविण्यासाठी दिवे लावायचे, तेही शेजारची लहान मुले रडणार नाहीत अशा बेताने, हे मला कसे जमावे?’

प्रश्न वरवर गमतीचा वाटतो. तथापि सांगलीच्या दुकानात अडतीस वर्षे विजेचे दिवे विकूनही हाच प्रश्न माझ्यासमोर आला तेव्हा मीही निरुत्तर झालो होतो. म्हणून यंदाचे सदर त्यालाच वाहिले आहे.

ज्यांच्या घरी हा सण पोहोचलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. त्यामागे आयर्लंड-स्कॉटलंडकडील सावन नावाचा, सुगी संपून हिवाळा सुरू होतानाचा प्राचीन उत्सव आहे. तेथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. स्थलांतरितांना अमेरिकेत भोपळा मिळाला आणि या सणाला केशरी रंग चिकटला. त्या संध्याकाळी मुले सोंगे घेऊन दारोदार जातात व गोळ्या-चॉकलेटे मागतात. (त्या गोळ्यांत जिलेटिन असते का, हा आपल्या घरांतील नेहमीचा प्रश्न, त्यावर पुढे केव्हातरी.)

माझा मुलगा एडिसन या गावी राहतो. गावाचे नाव त्या थॉमस एडिसनवरून पडले, ज्याने याच गावातील मेन्लो पार्क भागात १८७९ साली आपला विजेचा दिवा लोकांना दाखविला. तेथील स्मारकाच्या मनोऱ्यावर भला थोरला काचेचा दिवा बसविला आहे. माझ्यासारख्या दिवेविक्याला ते तीर्थस्थान वाटले तर नवल नाही.

मुलाने नवे घर घेतल्यावर २०२३ साली पहिल्यांदा हौसेने रोषणाई केली. दाराच्या दोन्ही बाजूंना लालभडक झोतदिवे, वर लखलख उघडमीट करणारा दिवा, आणि कोणी जवळ आले की हात उंचावणारा सांगाडा. मोठी मुले खूश झाली. परंतु शेजारची चार वर्षांची एक मुलगी परीच्या वेषात आईचा हात धरून आली, पायवाटेच्या मध्यावर थांबली, आणि मागे वळून निघून गेली. गोळ्यांची परडी घेऊन दारात उभ्या असलेल्या सूनबाईंनी ते पाहिले. मुलाने हसण्यावारी नेले. सूनबाईंनी नेले नाही. ‘बाबा, आपल्या दारातून एक मूल रिकाम्या हाताने परत गेले,’ असे त्यांनी मला फोनवर सांगितले. व्यापारी घरातील माणसाला हे वाक्य किती लागते, ते वाचकांना सांगावयास नको.

पुढच्या वर्षी मी तेथे होतो. आणि योग असा की २०२४ साली अमेरिकेत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन हे दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले. एकच ओसरी, एकच संध्याकाळ. एकीकडे लक्ष्मीचे स्वागत आणि दुसरीकडे भुतांची मिरवणूक. नातू म्हणाला, ‘आजोबा, आपण अर्धी-अर्धी वाटून घेऊ या.’ ओसरी डावी-उजवी वाटावी असे त्याच्या मनात होते. मला मात्र त्या शब्दांत वेगळीच वाटणी दिसली: भय अंगणात असावे आणि दार दिवाळीचे असावे.

रंगांची निवड करताना मी हेच सूत्र धरले, आणि पत्रलेखिका भगिनींनाही माझे हेच सांगणे आहे. मुलाच्या दृष्टीने विचार करा. रस्त्यावरून ते भुताटकीचे अंगण पाहते. तेथे त्याला भीती वाटली तरी ती दूर असते, आणि पुढे जायचे की नाही हे त्याच्या हाती असते. पाऊल टाकावे तसा प्रकाश उबदार होत गेला पाहिजे. दाराशी पोहोचल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. आदल्या वर्षी आमच्याकडे नेमके उलटे होते. सर्वांत भयंकर प्रकाश दारातच होता, म्हणजे मुलीला ज्या ठिकाणी हात पुढे करायचा त्याच ठिकाणी.

आता प्रत्यक्ष रंगांकडे वळू. पहिली गोष्ट, दुकानातील खोक्यावरचे चित्र पाहून रंग ठरवू नये. घराची भिंत पाहून ठरवावा. भिंत पांढरी वा दुधाळ असेल तर ती कोणताही रंग प्रामाणिकपणे परत देते. लाल विटांची भिंत निळा आणि हिरवा प्रकाश गिळून टाकते. तीवर तुम्ही कितीही पैसे ओतले तरी काळपट डागच दिसणार. विटांवर केशरी आणि लाल खुलतो. झाडांचेही तसेच. ऑक्टोबरअखेर त्या भागात मेपलची पाने पिवळी-तांबडी झालेली असतात. त्यांवर हिरवा प्रकाश टाकला तर ती मळकी दिसतात, पिवळसर केशरी टाकला तर झाड पेटल्यासारखे दिसते. पाने गळून गेलेल्या झाडाच्या खोडावर मात्र जांभळा झोत मुळापासून वर सोडावा. फांद्यांची बोटे आपोआप उमटतात. खरेदीपूर्वी विजेरीच्या तोंडावर रंगीत पारदर्शक कागद गुंडाळून रात्री भिंतीवर व झाडावर फिरवून पाहावे. आमचा नातू या कामात दोन संध्याकाळी रमला, आणि दोन चुकीच्या खरेद्या वाचल्या.

आमची भिंत दुधाळ रंगाची, म्हणून मुख्य रंग जांभळा ठरविला. जांभळा गूढ वाटतो, पण जखमेची वा आगीची आठवण करून देत नाही. वास्तविक हा रंग अंगणात येऊ शकला तो अलीकडे. जुन्या तारेच्या दिव्याच्या उजेडात निळा भाग फार थोडा असे. त्यावर जांभळा रंग चढविला की बहुतेक प्रकाश काचेतच अडायचा आणि दिवा मिणमिणता दिसायचा. माझ्या दुकानात जांभळे बल्ब वर्षानुवर्षे धूळ खात पडत. पुढे निळ्या एलईडीचा शोध लागला आणि चित्र पालटले. त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा झगझगीत जांभळा प्रकाश ही त्यांचीच देणगी.

दुसरा रंग केशरी. तो भोपळ्याचा आहे तसाच पणतीचाही आहे. दोन सणांत तो एकच समान रंग. म्हणून अंगण आणि दार यांना जोडण्याचे काम मी त्याच्याकडे दिले. पायवाटेच्या कडेला केशरी भोपळे, पुढे ओसरीच्या कठड्यावर केशरी झाक असलेल्या माळा, आणि दारावर आकाशकंदील. हिरवा फक्त एका कोपऱ्यात, झुडपामागे, तोही मंद. हिरव्या प्रकाशात माणसाचा चेहरा आजारी दिसतो. म्हणून तो दाराजवळ कधीच नको. आणि दोन-तीनपेक्षा अधिक रंग एकाच वेळी नकोत. सातही रंग फिरविणारा दिवा लावला की भुताचे घर जत्रेतील पाळण्यासारखे दिसू लागते. रिमोट हाती असला की मुले दर मिनिटाला रंग बदलतात. रिमोट कपाटात ठेवणे हा उत्तम उपाय.

राहिला लाल. आमच्या मुलाचा त्यावर फार जीव, आणि बाप-लेकांत थोडी वादावादी झाली हे कबूल केले पाहिजे. माझे म्हणणे असे, की अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग काळवंडलेला आणि निळा-हिरवा उजळ दिसू लागतो. पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही गोष्ट नोंदविली, आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्यामुळे लाल प्रकाश नजरेत भरावा म्हणून लोक तो अधिकाधिक प्रखर करतात, आणि नेमका तोच लहान मुलांना झोंबतो. शेवटी तडजोड झाली. दोन लाल दिवे वरच्या मजल्याच्या खिडकीत, पडद्याच्या आतून लावले. रस्त्यावरून खिडकी निखाऱ्यासारखी दिसे. चार वर्षांच्या मुलाची नजर सहसा तितकी वर जात नाही, बारा वर्षांच्या मुलाची हमखास जाते. खरे सांगायचे तर संपूर्ण रोषणाईतील सर्वांत उत्तम जागा तीच ठरली.

रंगापेक्षाही दिव्याची जागा महत्त्वाची, हे मात्र मी तेथे नव्याने शिकलो. आपण सूर्याचा उजेड वरून येताना पाहण्यास सरावलेलो आहोत. तोच उजेड खालून आला की ओळखीची वस्तू अनोळखी होते. लहानपणी हनुवटीखाली विजेरी धरून भावंडांना घाबरविले नाही, असा वाचक विरळा. तेव्हा बागुलबुवा विकत आणण्याची गरजच नाही. साधी खुर्ची, झाडाचा बुंधा, उलटी टांगलेली छत्री यांच्या पायाशी एक छोटा झोतदिवा ठेवला की भिंतीवर सावली उभी राहते. वस्तू दिव्याच्या जितकी जवळ, तितकी तिची सावली मोठी. दिवा स्वतः दिसता कामा नये. तो दगडाआड वा कुंडीमागे लपवावा.

आणि शक्ती कमी ठेवावी. दहा वॅटचा एक पांढरा एलईडी झोतदिवा साधारण ८०० ते १,००० लुमेन उजेड देतो. छोट्या अंगणाला तसे चार दिवे लावले की भूत पळून जाते आणि गाडीतळ उरतो. ‘अजून थोडा जास्त उजेडाचा घ्या’ असे गिऱ्हाइकाला सांगण्यात माझे आयुष्य गेले. येथे मलाच दोन दिवे खोक्यात परत ठेवावे लागले.

परंतु एका ठिकाणी अंधार चालणार नाही: पायवाट आणि पायऱ्या. तेथे उबदार पांढरा उजेड, गुडघ्याच्या उंचीपेक्षा खाली, जमिनीकडे तोंड करून असावा. मुखवट्यातून मुलांना फार थोडे दिसते आणि सोंगांचे घोळदार कपडे पायात येतात. पायरीच्या कडेवर प्रकाश पडतो का, हे स्वतः तेथून चालून पाहावे. धुराचे यंत्र लावणार असाल तर ते पायऱ्यांपासून दूर. जमिनीवर पसरणारे धुके नेमकी पायरीच झाकते.

रस्त्याच्या बाजूचीही काळजी घ्यावी. अमेरिकेतील १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांच्या नोंदी तपासून ‘जामा पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींशी तुलना करता हॅलोविनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांत तर तो कितीतरी पट अधिक. तेव्हा एकही झोत रस्त्याकडे तोंड करून नसावा. गाडी चालविणाऱ्याचे डोळे दिपले तर काळ्या कपड्यातील मूल त्याला दिसणार नाही. सर्व दिवे घराकडे वळवावेत, आणि शेवटी स्वतः गाडीत बसून घरासमोरून एक फेरी मारून पाहावी.

उघडमीट करणारे दिवे मी सरळ काढून टाकले. अपस्माराच्या काही रुग्णांना लखलखणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडमीट त्यांना विशेष घातक. दारात येणाऱ्या शंभर मुलांपैकी कोणाला हा त्रास आहे, हे आपल्याला कसे कळणार? ज्योतीसारखी हळू थरथर हवी असेल तर तसे बल्ब मिळतात. ते भोपळ्यात शोभतात. भोपळ्यात खरी ज्योत नकोच. त्याच कारणाने त्या वर्षी आमच्या तेलाच्या पणत्या देवघरात आणि खिडकीच्या काचेआड राहिल्या, ओसरीवर विजेच्या पणत्या आल्या. सूनबाईंना ते थोडे खटकले; पण झिरझिरीत पंखांच्या पऱ्या दारातून जाताना पाहिल्यावर त्यांची तक्रार उरली नाही.

आता माझ्या फजितीची गोष्ट. दुकानातील दोन उत्तम एलईडी माळा मी बॅगेत घालून अभिमानाने नेल्या होत्या. पिन बदलणारा जोड लावून बटण दाबले आणि काहीच झाले नाही. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. जोड फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नव्हे. अडतीस वर्षांच्या अनुभवी व्यापाऱ्याला हे सुचू नये! नातवाने अद्याप ती गोष्ट सोडलेली नाही. उलट दिशेची चूक याहून वाईट: तिकडची १२० व्होल्टची माळ सांगलीत लावली तर ती जळेल, कदाचित आगही लागेल. खोक्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तरच ती दोन्हीकडे चालते.

तेथे खरेदी करताना खोक्यावर बाहेरच्या, ओल्या जागेसाठी मान्यता असल्याचा उल्लेख पाहावा. नुसत्या दमट जागेची मान्यता असलेली माळ ओसरीच्या छपराखाली चालते, उघड्या अंगणात नाही. आपल्याकडे हेच काम आयपी क्रमांक करतो. उघड्यावरच्या झोतदिव्याला आयपी ६५ असणे चांगले. अंगणातील सॉकेट जीएफसीआय प्रकारचेच असावे. पाच मिलिअँपिअरच्या आसपास वीज गळू लागली तरी ते क्षणात पुरवठा तोडते. आपल्या घरांत बसविली जाणारी आरसीसीबी साधारणतः ३० मिलिअँपिअरला तुटते, यावरून ते किती हळवे असते ते ध्यानी यावे. पावसात ते वारंवार तुटू लागले तर दोष त्याचा नव्हे. कोठेतरी जोडात पाणी शिरले आहे. जोड जमिनीपासून उचलून ठेवावेत आणि वायर पायवाटेवरून आडवी नेऊ नये.

पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत आता हा प्रकार येऊ लागला आहे, म्हणून किड्यांविषयीही एक शब्द. एडिसनमध्ये ऑक्टोबरअखेर थंडीने किडे जवळजवळ नाहीसे होतात. आपल्याकडे तेव्हा दिव्याभोवती त्यांचा खच पडतो. निळसर-पांढऱ्या आणि अतिनील प्रकाशाकडे ते अधिक ओढले जातात, पिवळट-केशरीकडे कमी. म्हणून आपल्या घरांनी येथे जांभळा जवळजवळ टाळून केशरीवरच भर द्यावा आणि मुले घरी परतताच दिवे मालवावेत, असे मला वाटते. कपडे चमकविणारे अतिनील दिवे तर उघड्यावर नकोतच.

त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडला. आत पूजा आटोपली, वह्यांवर स्वस्तिक निघाले, आणि घंटी वाजू लागली. सूनबाई नऊवारीत दाराशी. नातू सांगाड्याच्या वेषात त्यांच्या शेजारी. सव्वासातला ती शेजारची मुलगी आली, यंदा चेटकिणीच्या टोपीत. जांभळ्या झाडापाशी थांबली. आई काही बोलली नाही. मुलगी थोडा वेळ झाडाकडे पाहत राहिली, मग दारावरच्या आकाशकंदिलाकडे. आणि एकटीच पुढे आली. गोळ्यांच्या परडीकडे न पाहता तिने कंदिलाकडे बोट करून विचारले, हे कोणाचे भूत? नातवाने तिला समजावून सांगितले. काय सांगितले ते मला नीटसे ऐकू आले नाही, पण जाताना तिने कंदिलाला हात हलवून निरोप दिला.

पत्रलेखिका भगिनींचे काम यंदा काहीसे सोपे आहे. २०२६ साली लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते, म्हणजे दोन सणांत आठवडाभराचे अंतर. १ तारखेला जांभळा, हिरवा आणि खिडकीतील लाल उतरवून खोक्यात ठेवावा. केशरी माळा तशाच राहू द्याव्यात आणि त्यांत आकाशकंदिलाची भर घालावी. एक मात्र विसरू नये. यंदा तेथील घड्याळे त्याच दिवशी, १ नोव्हेंबरच्या पहाटे, एक तास मागे जातात. दिव्यांचा टायमर जुन्या चक्रीचा असेल तर तो हाताने मागे फिरवावा लागेल, नाहीतर दिवे घड्याळाच्या हिशेबाने तासभर आधीच लागतील आणि तितकेच आधी मालवतील.